नामदार नाना शंकरशेट आणि लोखंडी रस्ता

आपल्या भांडुप गावाचे नाव हिंदुस्थानातील आगगाडीच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावर येते, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. इ. स. १८४३ साली मुंबई सरकारचे एक इंजिनियर, जॉर्ज क्लार्क, काही कामानिमित्त भांडुपास आले होते. मुंबई बेट कुर्ला, ठाणे व कल्याण या गावांशी आणि पुढे थळ व भोर या दोन घाटांशी लोखंडी रस्त्याने जोडावे, ही कल्पना त्यांच्या मनात प्रथम येथे आली, अशी नोंद आहे. तेव्हा या बाजूस शेते, झाडी व खाडीची खाजणे यांचेच राज्य होते. अशा ठिकाणी उभे राहून सह्याद्रीच्या पलीकडे जाणाऱ्या गाडीचे चित्र मनात आणणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु कल्पना सुचणे आणि गाडी चालणे यांमध्ये मोठे अंतर असते. भांडुपास सुचलेल्या त्या कल्पनेस रुळांवर उतरण्यास दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत ती मागे पडू नये म्हणून ज्या थोड्या माणसांनी तिला पुढे रेटले, त्यांत आपल्याच मराठी मुलखातील एक गृहस्थ अग्रभागी होते. त्यांचे नाव जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे. लोक त्यांस प्रेमाने नाना म्हणत. वस्तू कशाने पुढे जातात हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडते. माणसे व समाज कशाने पुढे जातात हे मात्र चरित्रांतूनच समजून घ्यावे लागते. म्हणून नानांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे एका दैवज्ञ कुटुंबात झाला. त्यांचे वडील शंकरशेट हे मुंबईतील नामांकित व्यापारी होते व त्यांनी अमाप संपत्ती मिळविली होती. मुलाच्या शिक्षणाकडे त्यांनी चांगले लक्ष पुरविले. इंग्रजी भाषा नानांना उत्तम येऊ लागली आणि संस्कृताची गोडी तर त्यांना जन्मभर पुरली. इ. स. १८२२ मध्ये वडील निवर्तले तेव्हा नाना अवघे १९ वर्षांचे होते. या कोवळ्या वयात मोठी पेढी, विस्तीर्ण जमीनजुमला आणि मुंबईसारख्या वाढत्या शहरातील मानमरातब ही सारी एकदम त्यांच्या हाती आली.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करण्याजोगे आहे. बहुतेक माणसांना गरज पुढे ढकलते. पोटासाठी नोकरी, नोकरीसाठी परीक्षा आणि परीक्षेसाठी अभ्यास, अशी ती साखळी असते. तीत लाजण्यासारखे काही नाही. नानांना मात्र अशी कोणतीच गरज नव्हती. वडिलांनी ठेवलेल्या पैशावर त्यांना आयुष्यभर सुखाने बसता आले असते, आणि त्या काळी तसे बसणारे धनिकही पुष्कळ होते. मग या तरुणाला कोणत्या शक्तीने घराबाहेर काढिले?

योगायोग असा की, ज्या वर्षी वडील वारले त्याच वर्षी मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढणे व देशी भाषांत शालोपयोगी पुस्तके तयार करणे यासाठी एक मंडळी स्थापन झाली. तिला हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी असे म्हणत. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. पंतोजींच्या जुन्या शाळांत छापील पुस्तक म्हणून नव्हतेच. मुले धुळाक्षरे गिरवीत आणि पाढे घोकीत. गणित, भूगोल, व्याकरण यांची मराठी पुस्तके नव्याने करावी लागणार होती, ती छापावी लागणार होती व ती शिकविणारे शिक्षकही तयार करावे लागणार होते. तरुण नानांनी या कामास आपला पैसा व वेळ दिला, आणि पुढील ४० वर्षे मुंबईच्या शिक्षणकार्यात त्यांचा हात राहिला.

इ. स. १८२७ मध्ये एल्फिन्स्टनसाहेब स्वदेशी जावयास निघाले. त्यांचे काय स्मारक करावे, असा प्रश्न निघाला. एखादा पुतळा उभारून मंडळी मोकळी झाली असती. परंतु मुंबईच्या एतद्देशीय पुढाऱ्यांनी, ज्यांत नाना प्रमुख होते, अध्यापक नेमण्यासाठी निधी जमविण्याचे ठरविले आणि दोन लाखांहून अधिक रुपये गोळा केले. या निधीतूनच पुढे एल्फिन्स्टनसाहेबांच्या नावाची ती प्रसिद्ध विद्यालयसंस्था उभी राहिली. मंडळीच्या शाळांत व त्या संस्थेत जी मुले शिकली त्यांची नावे पाहा: बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग, दादाभाई नवरोजी, भाऊ दाजी. मराठीतील पहिले वृत्तपत्र, मराठीचे व्याकरण, हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा, प्राचीन शिलालेखांचे संशोधन, अशी किती कामे त्या बाकांवरून उठून बाहेर पडली!

इ. स. १८४० मध्ये शिक्षणाचा कारभार पाहण्यासाठी सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्याचे सभासद म्हणून नाना १८५६ पर्यंत, म्हणजे ते बोर्ड मोडेपर्यंत, काम करीत होते. या बोर्डात १८४७ च्या सुमारास एक मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचे म्हणणे असे की, वरच्या वर्गांतील शिक्षण इंग्रजीतून द्यावे व थोड्या लोकांस उत्तम शिकवावे. त्यांच्याकडून ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. नाना स्वतः इंग्रजीत निष्णात होते; इंग्रजांशीच त्यांचा रोजचा व्यवहार होता. तरीही ते पेरीसाहेबांच्या विरुद्ध बाजूस उभे राहिले. बहुजनसमाजास ज्ञान द्यावयाचे असेल तर ते त्याच्या मातृभाषेतूनच दिले पाहिजे. परकी भाषा शिकण्यातच ज्यांची वर्षे जातील त्यांच्या पदरी विद्या थोडी पडेल, असे त्यांचे मत होते. कर्नल जर्व्हिस आणि बोर्डातील दुसरे एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूस होते. इंग्रजी उत्तम जाणणाऱ्या मनुष्याने मराठीचा कैवार घ्यावा, यातच त्याचे मोठेपण आहे. मला जमले, एवढ्यावर त्यांचे समाधान नव्हते. माझ्यामागून येणाऱ्यांना जमेल काय, हा प्रश्न ते विचारीत होते.

हाच प्रश्न त्यांनी मुलींविषयीही विचारिला. १८४९ च्या सुमारास एल्फिन्स्टन संस्थेतील तरुण शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढिल्या. मुलीस लिहिता-वाचता आले की घराण्यावर अरिष्ट येते, अशी समजूत असलेले ते दिवस. शाळेला जागा द्यावयास लोक धजत नसत. तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेस जागा दिली. सनातनी वृत्तीचे व देवधर्म पाळणारे असे नानांचे घर; त्यामुळे त्यांच्या आवारात शाळा भरते म्हटल्यावर पुष्कळांच्या तोंडचे आक्षेप आपोआप मावळले. सतीची दुष्ट चाल बंद करणाऱ्या १८२९ च्या कायद्यासही त्यांचा पाठिंबा होता.

आता लोखंडी रस्त्याकडे वळू. त्या काळी वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात कसा येई? वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून कित्येक आठवडे चालत येत. वाटेत पावसाने कापूस भिजे, धुळीने मळे; दुष्काळाच्या वर्षी चारापाण्यावाचून बैल मरत आणि माल वाटेतच पडून राही. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली झाला होता खरा, परंतु बैलाची चाल ती बैलाचीच. एका प्रांतात धान्याच्या राशी पडल्या असता शेजारच्या प्रांतात लोक उपाशी मरत, कारण धान्य वेळेवर पोहोचविण्याचे साधन नव्हते.

क्लार्क यांची कल्पना मुंबईत पसरली तेव्हा अनेकांनी तिला हसून टाकिले. सह्याद्रीची भिंत ओलांडून गाडी जाणार कशी? आणि गेली तरी तीत बसणार कोण? सोवळेओवळे मानणारे हिंदू लोक एका डब्यात शेजारी शेजारी बसणारच नाहीत, असे पुष्कळ जाणत्या इंग्रजांचे भाकीत होते. अशा वेळी १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई या दोघांनी पुढाकार घेऊन रेल्वेच्या पुरस्कारार्थ मंडळ उभे केले. त्याच वर्षी इंग्लंडातून जॉन चॅपमन मार्गाची पाहणी करण्यास आले. या खटपटींतून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी आकारास आली आणि १ ऑगस्ट १८४९ रोजी पार्लमेंटच्या कायद्याने ती रीतसर स्थापन झाली. तिच्या संचालकमंडळींत एतद्देशीय असे दोघेच होते: सर जमशेटजी व नाना.

या ठिकाणी सत्य सांगितले पाहिजे. ही गाडी पुढे नेण्यात ज्यांचे हात लागले त्या सर्वांचे हेतू एकच नव्हते. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना स्वस्त कापूस हवा होता. कंपनी सरकारला फौजा झटपट हलविण्याची सोय हवी होती. लंडनच्या भागीदारांना आपल्या पैशावर निश्चित व्याज हवे होते, आणि ते त्यांना मिळालेही. शेकडा ५ व्याजाची हमी सरकारने दिली, आणि तिचा बोजा या देशाच्या तिजोरीवर पडला. लोभ, सत्ता आणि व्याज यांचीही माणसांना पुढे ढकलण्याची शक्ती मोठीच असते. पण त्या बैठकांत या दोन एतद्देशीयांच्या खुर्च्या रिकाम्या असत्या, तर आपल्या लोकांची गैरसोय वा सोय पाहणारे तेथे कोण असते? आणि लोकांना तरी या परक्या यंत्राविषयी भरवसा कोणी दिला असता?

आता आगगाडी कशाने चालते ते थोडक्यात पाहू. पाणी उकळून त्याची वाफ झाली की ती मूळच्या पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. बॉयलरात कोंडलेली ही वाफ नळकांड्यातील दट्ट्याला रेटते. दट्ट्याचा मागेपुढे होणारा झटका दांड्याच्या योगाने चाकाच्या फेऱ्यात बदलतो, आणि इंजिन चालू लागते. परंतु हेच इंजिन आपल्या शेताच्या चिखलात ठेवले तर काय होईल? चाके जागच्या जागी फिरतील व स्वतःच्याच वजनाने रुततील. गुळगुळीत लोखंडी रुळावर मात्र तीच वाफ शेकडो माणसांना सहज ओढून नेते. म्हणजे नुसत्या शक्तीने भागत नाही. तिला वाट लागते, आणि ती वाट अगोदर कोणीतरी घालून ठेवावी लागते. नानांच्या आयुष्याचे मर्म मला या साध्या गोष्टीत दिसते. शाळा, मंडळ्या, कायदे आणि लोखंडी रस्ते अशा नाना प्रकारच्या वाटा त्यांनी घातल्या; त्यांवरून धावणारे पुष्कळदा दुसरेच होते.

मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कले यांच्या देखरेखीखाली ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीव येथे कामाचा प्रारंभ झाला. खाजणांत भराव घालीत, ओढ्यांवर पूल बांधीत मार्ग भांडुपच्या शिवारातून ठाण्याकडे सरकू लागला. शेवटी १६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी, २१ तोफांच्या सलामीच्या गजरात, १४ डबे व सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे यांना घेऊन पहिली गाडी बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. साहेब, सिंध व सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने तिला जोडली होती. मार्गाच्या दोन्ही बाजूंस लोकांची दाटी झाली होती. २१ मैलांची वाट गाडीने सुमारे तासाभरात तोडली. त्या गाडीत नाना बसले होते. ज्या भांडुपास दहा वर्षांपूर्वी ही कल्पना उगवली त्याच भांडुपावरून गाडी धडधडत गेली, तेव्हा नानांचे वय ५० वर्षांचे होते.

लोक गाडीत बसणार नाहीत, हे भाकीत तर अल्पावधीत खोटे ठरले. तिसऱ्या वर्गाचे डबे भरून वाहू लागले. जे लोक एका विहिरीवर पाणी भरीत नसत ते एका बाकावर बसून ठाण्याला जाऊ लागले. कोणत्याही व्याख्यानाने जे झाले नसते ते तिकिटाच्या एका तुकड्याने काही अंशी घडविले. जातिभेद त्यामुळे नाहीसा झाला असे नव्हे. परंतु प्रवासापुरते तरी माणूस माणसाच्या शेजारी बसला.

१८५४ मध्ये गाडी कल्याणास पोहोचली. पुढे सह्याद्री होता. भोर घाटातील मार्ग म्हणजे १५ मैलांत सुमारे १,८०० फुटांची चढण, २५ बोगदे आणि ठायी ठायी खोल दऱ्यांवरील पूल. १८६१ च्या सुमारास येथे ४२,००० मजूर एकाच वेळी राबत होते. सुरुंगांचे स्फोट, कड्यांवरून कोसळणे, हिवताप आणि सर्वांत भयंकर म्हणजे पटकी, यांनी त्यांतील हजारो जीव घेतले. पहिल्या मक्तेदाराच्या वेळी थकलेल्या मजुरीवरून दंगाही झाला. दुसरे मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आले आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी धैर्य न सोडता जाणत्या माणसांकरवी ते काम तडीस नेले. मुख्य इंजिनियर बर्कले हेही १८६२ मध्ये निवर्तले. भोर घाटातून गाडी गेली ती १८६३ मध्ये. डोक्यावर दगडांच्या पाट्या वाहणाऱ्या त्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही शिळेवर कोरलेली नाहीत. त्यांना पुढे ढकलणारी शक्ती भूक ही होती. खंडाळ्याच्या थंड हवेत जाताना, विद्यार्थी मित्रांनो, बोगद्याच्या अंधारात क्षणभर त्यांचे स्मरण करीत जा.

रेल्वेचे काम चालू असतानाच नानांनी दुसरी एक वाट घातली. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. राज्यकारभारातील दोष सनदशीर मार्गाने सरकारच्या कानी घालणारी या इलाख्यातील ही पहिली राजकीय संस्था होय. नाना तिचे पुढारी होते आणि डॉ. भाऊ दाजी चिटणीस. संस्थेने विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज पाठवून एतद्देशीयांना कारभारात वाटा मागितला. अर्जाची भाषा काहींना फार कडक वाटली व ते संस्थेतून दूर झाले. नाना दूर झाले नाहीत.

याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८५७ च्या उठावाच्या वेळी मुंबईतील काही इंग्रजांनी नानांवर संशय घेतला. बंडवाल्यांशी त्यांचे आतून संधान आहे, अशी कुजबूज वाढत गेली. ज्या मनुष्याने ३५ वर्षे सरकारच्या बरोबरीने शाळा काढल्या, ज्याचा सल्ला गव्हर्नर घेत असत, त्याच्यावर पाळत ठेवण्यात आली! त्या दिवसांत संशयाला फाशीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नसे. परंतु पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांनी कसून चौकशी केली आणि नानांविरुद्ध काहीही आढळले नाही. अशा प्रसंगी दुसरा एखादा मनुष्य सार्वजनिक कामाला रामराम ठोकून घरी बसला असता. आपण लोकांचे भले करावे आणि लोकांनी संशय घ्यावा, हा अनुभव माणसाच्या मनातील वाफ निववून टाकतो. नाना मात्र थांबले नाहीत. १८५७ मध्येच मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या आरंभीच्या फेलोंमध्ये ते होते. १८६२ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात एतद्देशीय सभासद प्रथमच बसले. त्या थोड्यांतही नाना होते.

त्यांची बाकीची कामे किती सांगावीत! सोनापूरची स्मशानभूमी शहराबाहेर दूर शिवडीस न्यावी असा बेत निघाला, तेव्हा गोरगरिबांनी आपली मृत माणसे एवढ्या लांब कशी वाहून न्यावी, म्हणून नाना भांडले आणि तो बेत रहित झाला. भायखळ्याची राणीची बाग, जी १८६२ मध्ये उघडली, ती उभारण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. ग्रँट रोडवरील नाटकगृह त्यांनी दिलेल्या जागेवर उभे राहिले व १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळीची मराठी नाटके मुंबईकरांनी तेथे पाहिली.

नानांच्या अखेरच्या वर्षांत मुंबईवर एक निराळेच वारे सुटले होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस विलायतेस जाईना; साहजिकच मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या, नव्या पेढ्या आणि त्यांचे शेअर यांच्यामागे लहानथोर वेडे झाले. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ या हिशेब चुकविण्याच्या दिवशी तो सारा डोलारा कोसळला. लक्षाधीश भिकेस लागले. लोभाच्या वाफेची शक्ती केवढी, आणि खाली रूळ नसले म्हणजे ती गाडी कोठे जाते, हे मुंबईने त्या वर्षी पाहिले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस नानांनी देह ठेविला. त्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच थळ घाटातून गाडी सुरू झाली होती. भांडुपास क्लार्क यांनी ज्या दोन घाटांचे स्वप्न पाहिले, ते दोन्ही घाट नानांच्या हयातीत आगगाडीने ओलांडले, एवढे समाधान त्यांना लाभले.

त्यांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाउन हॉलात उभारण्यात आला. परंतु त्यांना साजेसे स्मारक दुसरेच म्हटले पाहिजे. मॅट्रिक परीक्षेत संस्कृत विषयात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती देण्यात येऊ लागली. ती मिळविण्यासाठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी रात्री जागविल्या. १९१२ मध्ये ती मिळविणारा रोह्याच्या बाजूचा चिंतामण देशमुख नावाचा मुलगा पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला हिंदी गव्हर्नर व स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. नानांना कोणती शक्ती पुढे नेत होती? भूक नव्हे, भीती नव्हे, धनाचा लोभही नव्हे. मानाची इच्छा त्यांना मुळीच नव्हती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तेही माणूसच होते. परंतु केवळ मानासाठी झटणारा मनुष्य अपमान होताच थांबतो, आणि नाना १८५७ नंतरही थांबले नाहीत. यावरून त्यांची शक्ती मानाहून अधिक खोल कोठेतरी होती, असे अनुमान निघते. आपल्याला जे मिळाले ते आपल्यापाशीच थांबू नये, ते पुढच्यांपर्यंत पोहोचावे, ही ती तळमळ होती असे मला वाटते. शाळा पाहा, मुलींना दिलेली जागा पाहा, मराठीचा कैवार पाहा, लोखंडी रस्ता पाहा. या प्रत्येक कामाच्या मुळाशी हीच एक गोष्ट सापडते.

पालक बंधुभगिनींनो, आपल्या मुलांना पुढे नेण्यासाठी आपण रोज काही ना काही शक्ती वापरीतच असतो. कधी धाक, कधी बक्षीस, तर कधी शेजारच्या मुलाशी तुलना. या शक्तींनी मूल परीक्षेपर्यंत खात्रीने पोहोचते. पण परीक्षा संपल्यावर, धाक घालणारे कोणी जवळ नसताना, ते कशाच्या बळावर चालणार, याचाही विचार आपण करावयास हवा. त्याच्या मनात दुसऱ्यासाठी काही करण्याची आस्था रुजली असेल तर ते वाटेत थांबणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, १९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी प्रथम धावली, आणि कालांतराने आपल्या मार्गावरील वाफेची इंजिने इतिहासजमा झाली. शक्ती बदलली, परंतु भांडुपावरून जाणारी वाट मात्र १८५३ साली घातली तीच आहे. सकाळी ज्या गर्दीच्या गाडीने तुमचे आईवडील कामाला जातात ती याच वाटेने जाते. तुमच्यापैकी सर्वांनाच मोठा शोध लावता येईल किंवा मोठे धन मिळविता येईल असे नाही. मात्र खालच्या वर्गातील एखाद्या मुलास न समजलेले उदाहरण समजावून देणे, आपले जुने पुस्तक नीट जपून दुसऱ्यास देणे, घरातील लिहिता न येणाऱ्या आजीला सही शिकविणे, हे तर आजच्या आज कोणालाही करता येईल. मागून येणाऱ्याची वाट त्याने सोपी होते. आणि नानांनी जन्मभर केले ते याच जातीचे काम होते.